बावीस अंगठे

आमच्या घरात एक पितळेचा गडू आहे. त्याच्या पोटावर माझं नाव कोरलेलं आहे. त्यातून कोणी पाणी पीत नाही. सुनांना वाटतं, सासूबाईंना शाळेत बक्षीस मिळालेली वस्तू, म्हणून जपतात. दिवाळीच्या आधी त्या तो चिंच लावून लखलखीत घासतात आणि परत फळीवर ठेवतात. मीही काही बोलत नाही. माणूस म्हातारं झालं की त्याच्या गप्प राहण्यालाही लोक मोठेपणा चिकटवतात. खरं असं आहे की त्या गडूतून पाणी प्यायची मला लाज वाटते, आणि ती कशाची ते मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. ते गेले. आता माझीही पंचाऐंशी उलटली. लिहायलाच बसले आहे तर हे लिहून टाकलेलं बरं.

तिरोड्याकडच्या आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती. आई म्हणायची, पोरीच्या जातीला एवढं पुष्कळ झालं. पण मामा एकदा बैलगाडी घेऊन आले, दोन दिवस राहिले, बाबांशी काय बोलले कुणास ठाऊक, आणि जाताना गाडीत माझी पत्र्याची पेटीही होती. मामांचं घर गोंदियाच्या बाहेर, फुलचूरच्या रस्त्याला. आता तिथे घराला घर लागलं आहे. तेव्हा मागच्या दारातून थेट धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, दिसायच्या. जिल्हाही तेव्हा भंडाऱ्याचा होता. मामांनी आपली शेती धाकट्या भावाच्या हाती सोपवली होती आणि ते विडीच्या धंद्यात पडले होते. शेठकडून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची, घरामागच्या लांबलचक छपरीत माणसं बसवून विड्या वळून घ्यायच्या आणि कट्टे बांधून शेठकडे पोचवायचे, असा तो व्यवहार. सकाळी राईस मिलचा भोंगा झाला की माणसं यायला लागायची. उकडलेल्या धानाची वाफ आणि तंबाखूची धूळ मिळून एक वास होता. मामी त्याने दिवसभर शिंकायची आणि शिंकता शिंकता स्वयंपाक करायची. लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण, भात, अंबाडीची भाजी, आणि बाजाराच्या दिवशी वाळलेले झिंगे घालून वांगी. मामीच्या हाताची ती वांगी मला पुन्हा कुणी करून घातली नाहीत, माझी मला तर जमलीच नाहीत.

छपरीत वीस-पंचवीस माणसं मांडीवर सुपं घेऊन बसायची. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. ओल्या गोणपाटातून पान काढायचं, पत्र्याचा फर्मा ठेवून कैचीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंड दुमडायचं, सुताचा फेरा. हात चालू असतात पण कान रिकामे असतात, म्हणून विडीच्या कामाला वाचणारा माणूस लागतो. छपरीची रीतच होती. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं आणि तेवढ्या वेळात त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. हे काम आधी गणपतकडे होतं. तो चौथी शिकलेला, पण पुढेपुढे त्याच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसेना. मग शाळेतून आल्यावर वाचायचं काम माझ्याकडे आलं. नागपूरचा पेपर दुपारच्या गाडीने यायचा. माझ्या वाट्याच्या विड्या नव्हत्या, म्हणून बाया मला पदरात बांधून उकडलेले शिंगाडे आणायच्या. मी वाचायची, तोंडात शिंगाडा असला तर थांबायची, आणि त्या थांबण्यात छपरीत वाद सुरू व्हायचा.

तेव्हा कोरियात लढाई चालू होती. आमच्यापैकी कुणाला कोरिया कुठे आहे ते माहीत नव्हतं. मी शाळेचा नकाशा आणून भिंतीला टाचणीने लावला तेव्हा गणपतने गोंदिया कुठे ते विचारलं, आणि ते त्यात नव्हतंच. पण मत प्रत्येकाला होतं. कोणी म्हणे अमेरिका बरोबर, कोणी म्हणे रशिया-चीन बरोबर, कोणी म्हणे पंडितजी सांगतील ते बरोबर. गणपतचं एकच पालुपद होतं, लढाई कोनाची बी असो, मरते थो कास्तकाराचाच पोट्टा. मामा बाजेवर बसून कट्टे तपासत ऐकायचे आणि आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचे की माझ्या छपरीत कोणीही काहीही बोलावं, इथे कुणाच्या तोंडाला कुलूप नाही. मला ते खरं वाटायचं. त्यांनाही ते खरंच वाटत होतं.

आमचे इंग्रजीचे देवघरे सर उत्साही गृहस्थ. त्यांनी कुठून तरी अमेरिकेतल्या काही शाळांचे पत्ते मिळवले आणि वर्गातल्या प्रत्येकाकडून एकेक पत्र लिहून घेतलं. बहुतेकांना उत्तरं आलीच नाहीत. मला आलं, पण ते कुण्या मुलीचं नव्हतं, त्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की माझ्या वर्गातली मुलं आळशी आहेत, तुझं पत्र टेबलावर पडून राहिलं, मला वाईट वाटलं, म्हणून मीच लिहिते. इथे मी त्यांना एडना म्हणणार आहे. ते त्यांचं खरं नाव नाही. गावाचं नावही लिहिणार नाही. मक्याच्या शेतांमधलं एक लहान गाव, एवढंच. एडनाबाई चाळिशीच्या, लग्न न केलेल्या, आईला सांभाळून राहणाऱ्या. त्यांच्या भावाचा मुलगा टॉम कोरियात लढायला गेला होता.

त्यांचं पत्र आलं की मी ते छपरीत वाचायची. यात मला काही वावगं वाटलं नाही, कारण पत्र म्हणजे वाचून दाखवायची वस्तू. गावाकडे कुणाच्या घरी कार्ड आलं तर पोस्टमनच ओट्यावर बसून वाचायचा आणि अर्धी आळी जमायची. मी शब्दकोश मांडीवर घेऊन एकेका वाक्याचं मराठी करून सांगायची आणि छपरी प्रश्न विचारायची. तिच्या घरी गाई किती? नांगर कोण धरते? बर्फात माणूस बाहेर कसा जातो? हे सगळं मी उत्तरात लिहायची. एकदा तिने लाल रंगाचं एक मोठं सुकवलेलं पान पाठवलं, तिच्या अंगणातल्या झाडाचं. पान हातोहात फिरलं. गणपतने ते उजेडात धरून पाहिलं, बोटाने शिरा चाचपल्या, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत फर्मा ठेवून त्याची विडी वळली. मग सगळ्यांनी एकेक झुरका मारून पाहिला. ठसका लागून सगळे बेजार झाले. निकाल एकमताने लागला की अमेरिकेत सगळं असेल, पण तेंदू नाही. मी हे लिहून कळवलं तेव्हा तिचं उत्तर आलं की असं हसणं आमच्या घरात टॉम गेल्यापासून झालं नव्हतं. ते वाचल्यावर छपरीत तिच्याविषयी कोणी परकं बोलायचं नाही. बाया तिला आपली अमरिकेवाली म्हणायच्या.

ते निळ्या कागदाचं पत्र दसऱ्याच्या सुमाराला आलं. नेहमीपेक्षा लांब होतं आणि अक्षर घाईचं होतं. तिने वर्गात मुलांना सांगितलं होतं की लढाई चालू असताना ती चालवावी की थांबवावी यावर बोलणं हा नागरिकाचा हक्क आहे, उलट लढाईतच बोलायची गरज जास्त. एका मुलाच्या बापाने तक्रार केली. मग शाळेच्या वरिष्ठांनी तिला बोलावून एका कागदावर सही करायला लावली, की मी देशाशी एकनिष्ठ आहे आणि सरकार उलथवणाऱ्या कोणत्याही मंडळीत नाही. तिने सही केली. सही करताना हात कापला याचीच मला लाज वाटते, असं तिने लिहिलं होतं. पुढे होतं: चर्चमध्ये, किराणा दुकानात, न्हाव्याकडे लोक हवापाण्याच्या गोष्टी करतात. मोठ्या शहरांतल्या वर्तमानपत्रांत राष्ट्राध्यक्षांवर वाटेल तशी टीका छापून येते, आणि ही आमच्या देशाची मोठीच गोष्ट आहे. पण आमच्या गावात मी विचारू शकत नाही की माझ्या भावाचा मुलगा तिथे कशासाठी आहे. दोन शेजारणी मात्र सफरचंदाचा गोड पदार्थ घेऊन आल्या आणि तू बोललीस ते बरोबर होतं असं म्हणाल्या. त्या मागच्या दाराने आल्या होत्या.

आणि शेवटी, सहीच्या वर, तीन ओळी होत्या. मी हे तुला लिहिते कारण तू फार लांब आहेस. हे तुझ्यापाशीच ठेव. आणि यापुढे खाली दिलेल्या माझ्या घरच्या पत्त्यावर लिही, शाळेत आलेली पत्रं कचेरीत उघडली जातात.

या तीन ओळी मी छपरीत वाचल्या नाहीत. कारण अगदी साधं होतं. त्या वाचल्या असत्या तर त्यांच्या आधीचं सगळं वाचलं ते चुकलं, असं झालं असतं. पत्र मी आधी मनात वाचून बघत नसे, सरळ सगळ्यांसमोर उघडत असे, आणि त्या ओळींपाशी पोचले तेव्हा उशीर झाला होता. तेवढं क्षम्य मानता येईल. मी कागदाची घडी घातली. बाप्यांच्या बाजूला लगेच गलका सुरू झाला, की एवढा मोठा देश आणि बाईमाणसाच्या बोलण्याला भितो. बायांच्या बाजूला कोपऱ्यात भागरताबाई बसायची. नवऱ्यामागे तीन लेकरं वाढवणारी, पन्नाशीची, हाडकुळी बाई. तिच्या विडीला मामांनी कधी नाव ठेवलं नव्हतं. तिला अक्षर येत नव्हतं. तिने कैची थांबवली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "खाली आखीन लिवलं हाये ना, माय? तुझे डोळे खाली गेल्ते."

मी म्हटलं, सही आहे.

"असं? मंग एक सांग. थ्या बाईनं हे तुले लिवलं का आमाले?"

मी शिंगाड्याचं साल काढत बसले. थोड्या वेळाने तिची कैची पुन्हा चालू झाली.

दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या शाळांची वादविवाद स्पर्धा गोंदियाला ठरली. विषय आला तो असा: युद्धाच्या काळात अमेरिकेतील नागरिकाला मोकळेपणाने बोलता येते. आमच्या शाळेच्या वाट्याला विरोधाची बाजू आली, आणि देवघरे सरांनी माझं नाव दिलं. त्या वेळी स्टेजवर उभं राहून बोलणाऱ्या मुली आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. सर म्हणाले, तुझ्याकडे तर थेट तिकडचा पुरावा आहे. मी त्यांना पत्रातला हवा तेवढा भाग वहीत उतरवून दिला. पूर्ण पत्र दाखवलं नाही. सर सज्जन होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं की बाईंची परवानगी आहे ना, त्यांना काही त्रास तर होणार नाही? मी म्हटलं, हो, आहे. इतक्या सहज म्हटलं की आजही ते दोन शब्द मला माझ्याच आवाजात ऐकू येतात. मी पंधरा-सोळा वर्षांची होते, वय लहान होतं वगैरे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. पण मला नीट कळत होतं. जिंकायचं होतं, बस.

विरुद्ध बाजूचा मुलगा भंडाऱ्याचा, गोरागोमटा, कोट घातलेला. तो तयारीनिशी आला होता. लढाई चालू असतानाही तिथे निवडणुका होतात, वर्तमानपत्रं राष्ट्राध्यक्षांची खिल्ली उडवतात, राष्ट्राध्यक्षांनी कोरियातल्या सेनापतीलाच घरी बसवलं तेव्हा लोक भर रस्त्यात त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध भांडले आणि कुणालाही तुरुंगात टाकलं नाही, असं तो एकामागून एक सांगत गेला. खरंच होतं ते. एडनाबाईनेही तेच लिहिलं होतं, पण तो भाग मी वहीत उतरवला नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मी निळा कागद उंच धरला. नावाशिवाय कोण विश्वास ठेवणार, म्हणून मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, शाळा सांगितली. मग कापणारा हात, न्हावी, किराणा दुकान, मागच्या दाराने आलेल्या शेजारणी. शेवटी मी म्हटलं, जिथे मास्तरीणबाईला आपल्या भाच्याविषयी विचारता येत नाही, तिथल्या स्वातंत्र्याचे गोडवे आम्हाला सांगू नका. टाळ्या थांबेनात. पाहुणे म्हणून आलेले एक व्यापारी उठून पुढे आले आणि "शाबाश बेटी, तूने तो अमरीका को हिला दिया" म्हणत त्यांनी माझ्या हातात गडू ठेवला. मामा शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

इथवरचं सगळं गोंदियात राहिलं असतं तर बहुधा काही झालं नसतं. गोंदियाच्या शाळेत कोण काय बोललं हे मक्याच्या शेतांपर्यंत पोचायला वाट नव्हती. ती वाट आम्ही केली.

आमच्याकडे एक रीत होती, अजूनही थोडीफार असेल. पोरगं पास झालं की त्याच्या मास्तरांना नारळ द्यायचा, आणि तेवढ्यावर न थांबता मास्तरांच्या वरच्या साहेबाकडे जाऊन मास्तरांविषयी चांगले दोन शब्द बोलून यायचे. नारळ मास्तर खातो, पण चांगला शब्द त्याची बढती करतो, असं मामा म्हणत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी छपरीत जाहीर केलं, की हे बक्षीस खरं अमरिकेवालीचं आहे. "मास्तरीणीचं भलं व्हावं वाटत असन, तं तिच्या हेडमास्तराच्या कानावर घालाले पायजे. लिही पोरी. तिच्या शाळेच्या पत्त्यावर लिही."

मी तिथेच उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. एकच वाक्य लागलं असतं, की मामा, शाळेच्या पत्त्यावर लिहू नको असं तिने लिहिलंय. पण मग मामांनी विचारलं असतं, ते तू वाचलं नाहीस का. सरांनी विचारलं असतं, परवानगीचं काय. आणि गडूवर तर माझं नाव कोरायला दिलं होतं. एक खोटं लपवायला माणूस किती लांब चालत जातो! मी इंग्रजीतून पत्र लिहिलं. आदरणीय हेडमास्तर साहेब, आपल्या शाळेतील बाईंनी निर्भयपणे लिहिलेल्या सत्य हकिकतीमुळे आमच्या मुलीला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं, त्यांचा यथोचित गौरव व्हावा, ही नम्र विनंती. सोबत भाषणाचं इंग्रजी भाषांतर जोडलं. त्यात तिची वाक्यं जशीच्या तशी होती. वेगळं भाषांतर करायची गरजच पडली नाही.

मामांना वाटलं, एका पोरीच्या सहीने वजन येणार नाही, सगळ्या छपरीने अंगठे द्यावेत. हजेरीच्या वहीची जांभळी शाई आली. एका मोठ्या पांढऱ्या कागदावर एकेक जण हात लुगड्याला, धोतराला पुसून अंगठा उठवू लागला. सगळ्यांना आनंद झाला होता. आपला अंगठा अमेरिकेला जाणार होता. गणपतला सही येत होती, तरी त्याने अंगठाच दिला, बाकीच्यांच्या रांगेत बसावा म्हणून. कागद भागरताबाईपुढे आला तेव्हा तिने हात सुपाखाली घेतला.

"मी नाई देत जी," ती म्हणाली.

मामांना आधी थट्टा वाटली. त्यांनी हसत विचारलं, काऊन?

"थ्या बाईले भेव लागते म्हनून तिनं लिवलं ना? भेलेल्या मानसाचं बोलनं त्याच्या सायबाले नेऊन देतेत का कोनी? तिले इचारलं का तुमी?"

मामा म्हणाले, चांगलंच करून राहिलो ना तिचं. ती म्हणाली, "करा. अंगठा माझा हाये जी, तेवढा मी नाई देत." आवाज चढला नव्हता. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी शाईची डबी पुढच्या बाईकडे सरकवली.

बावीस अंगठे झाले. शेवटच्या ओळीत दोन अंगठ्यांच्या मध्ये तिच्यासाठी सोडलेली जागा तशीच राहिली. पाकीट घेऊन मीच स्टेशनावरच्या पेटीत टाकायला गेले. फुलचूरच्या रस्त्यापासून स्टेशन तेव्हा चांगलं अर्ध्या तासाचं चालणं. पूर्ण अर्धा तास ते पाकीट माझ्या हातात होतं. वाटेत तळं लागतं, नाला लागतो. मी ते नाल्यात टाकलं असतं तर जगात कुणालाही कळलं नसतं. पेटीपाशी गेल्यावर मी पत्ता एकदा वाचला, अक्षर सुबक आलं होतं, आणि टाकलं.

भागरताबाईचं पुढे असं झालं. मामा तिला एक शब्दही बोलले नाहीत, तसले ते नव्हतेच. पण त्या आठवड्यापासून तिच्या वाट्याला पानांचे खालचे, फाटके गठ्ठे येऊ लागले. संध्याकाळी विड्या तपासताना तिच्या सुपातल्या विड्या बाजूला पडू लागल्या. ही सैल, ही आखूड, हिचं तोंड उघडं. जिच्या विड्या मामा नव्या बायांना नमुना म्हणून दाखवायचे, तिच्या मूठमूठ विड्या छाटल्या जाऊ लागल्या. छपरीत सगळ्यांना दिसत होतं. वाद घालणारी, राष्ट्राध्यक्षांना शहाणपण शिकवणारी आमची छपरी हवापाण्याच्या गोष्टी करू लागली. मी पेपर वाचत होते. महिन्याभरात ती यायची बंद झाली. दुसऱ्या कुणाची पानं घेऊन घरीच वळते, असं मामीने सांगितलं आणि वर म्हणाली, तिच्यासारखा हात नाही हो दुसऱ्या कुणाचा. मामी एकदा वांग्याची भाजी घेऊन तिच्याकडे जाऊन आली. मामांना न सांगता गेली होती. मी सोबत गेले नाही.

एडनाबाईचं पत्र आलं ते रोवणीच्या दिवसांत. छपरी अर्धी रिकामी होती, माणसं धान लावायला गेली होती, त्यामुळे ते मी एकटीने वाचलं. पत्ता नवा होता, बहिणीच्या घरचा. अक्षर पुन्हा पहिल्यासारखं संथ झालं होतं. शाळेच्या समितीने तिला बोलावलं. टेबलावर माझं भाषण होतं आणि शेजारी जांभळ्या अंगठ्यांचा कागद. ही कुठली संघटना आहे, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की ही विड्या वळणारी माणसं आहेत, दुपारी काम करता करता माझ्या देशाविषयी वाद घालतात, आपणही तसं करावं असं मला वाटतं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग तिने पुन्हा एका कागदावर सही केली, या वेळी राजीनाम्याच्या. या खेपेला हात कापला नाही, असं तिने लिहिलं होतं. टॉमविषयी एकच ओळ होती, की तो आता परत येणार नाही.

मला तिने एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर मी कदाचित माफी मागणारं पत्र लिहू शकले असते. तिने लिहिलं होतं की तो कागद समितीने मला परत दिला, त्यांना त्याचा उपयोग नव्हता, आणि मी तो भिंतीवर लावला आहे. तुझ्यावर राग आला होता, आता थोडा कमी आहे. मात्र एक कर. हे अंगठे कुणाकुणाचे आहेत ते ओळीने लिहून पाठव. रोज बघते, पण ओळखत कुणालाच नाही. आणि एक जागा मोकळी आहे, ती कुणाची?

मी उत्तर लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत रोवणी संपली, धान कापणीला आलं. मामा विचारायचे, हेडमास्तरांचं उत्तर आलं का, आणि मी नाही म्हटलं की ते म्हणायचे, मोठी माणसं, सवड होत नसेल. शेवटपर्यंत त्यांची समजूत होती की अमेरिकेत एका बाईचं आपण भलं केलं. एकदा बाजारात सुकी मासोळी घेताना भागरताबाई भेटली. तिने माझ्या शिक्षणाची चौकशी केली, दंडाला हात लावून म्हणाली बारीक झालीस माय, आणि मग विचारलं, "थ्या बाईचं पत्र आलं का?" तिच्या तोंडावर सांगायला हवं होतं. सगळ्या जगात तीच एक होती जिला सांगता आलं असतं. मी म्हटलं, नाही. तिने थोडा वेळ माझे डोळे पाहिले आणि मासोळी पदरात बांधली. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

माझा नातू म्हणतो, आजी, नाव सांग, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत शोधून देतो, त्यांच्या घरचं कुणीतरी नक्की सापडेल. मी नाव सांगितलं नाही. एकदा सांगितलं तेवढं पुरे झालं.

उत्तर मात्र द्यायचं राहिलं आहे. सत्तर वर्षं उलटून गेली आणि ज्यांनी विचारलं त्या आता नसणार, तरी इथे लिहिते. एडनाबाई, वरच्या ओळीतला पहिला, रुंद आणि जरा फिसकटलेला, तो गणपतचा. तुमच्या अंगणातल्या पानाची विडी त्यानेच वळली होती. त्याच्याशेजारी सुकराम आणि त्याचा भाऊ मोतीराम, दोघांच्या बोटांना सारखेच कैचीचे चरे. मग झिंगर. मग कोदू, त्याने अंगठा आधी कपाळाला लावला आणि मग कागदाला. दुसऱ्या ओळीत बाया सुरू होतात: सगुणा, पारबता, बुधरी, अनसूया, आणि बुधरीची सून, जिचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं. मधले नऊ आठवत नाहीत, पुष्कळ प्रयत्न केला. एक अगदी लहान आहे, तो मामीचा. ती स्वयंपाकघरातून ओला हात घेऊन आली होती, म्हणून तो पुसट आहे. शेवटच्या ओळीत डावीकडे कचरी, उजवीकडे रमाबाई. त्यांच्यामधली मोकळी जागा भागरताबाईची. तुम्हाला विचारल्याशिवाय अंगठा द्यायला तिने नकार दिला होता.

माझा अंगठा त्यात नाही. मला लिहिता येत होतं. खाली निळ्या शाईत इंग्रजीतून जी सुबक सही आहे, ती माझी.